टिंबाची कळ

आरे आणि वारे या जोड किनाऱ्यांवरून जाणाऱ्या रस्त्याच्या चढावर पर्यटक गाड्या थांबवतात, समुद्राची छायाचित्रे काढतात आणि गणपतीपुळ्याकडे निघून जातात. आम्ही येथे कायमचे राहणारे लोक त्या समुद्राकडे थोड्या सावधपणे पाहतो. खारा वारा सुरूच्या बनातून गाळून येत असला, तरी खिडक्यांचे गज खातो, दाराच्या बिजागऱ्या खातो, पंख्याची पाती काळवंडतो. पावसाळ्यात त्यात ओल मिसळते. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात श्रावणापर्यंत चष्म्याच्या डबीलाही बुरशी येते. अशा हवेत माझ्या दवाखान्यातला लॅपटॉप 2014 पासून टिकून आहे, याचे मला कौतुक होते. ते कौतुक किती महागात पडू शकले असते, हे मला गेल्या श्रावणात कळले. ती हकिगत सांगण्यासाठी हा लेख आहे. तीत चूक माझी आहे, हे आरंभीच सांगितलेले बरे.

या लॅपटॉपवर मी रुग्णांच्या नोंदी ठेवतो आणि औषधांची चिठ्ठी टाइप करून छापून देतो. डॉक्टरांच्या अक्षरावर होणारे विनोद ऐकून ऐकून मीच हा मार्ग पत्करला होता. छापील चिठ्ठी स्वच्छ दिसते, औषधवाल्याला वाचता येते, घरच्यांना फाइलमध्ये लावून ठेवता येते. मला स्वतःला तिचा अभिमान होता.

उन्हाळ्याच्या अखेरीस कीबोर्डच्या खालच्या ओळीतली दोन-तीन बटणे कुरकुर करू लागली. स्वल्पविराम कधी उमटे, कधी नाही. पूर्णविरामाचे, म्हणजेच दशांशचिन्हाचे बटण जोरात दाबावे लागे. मी जोरात दाबू लागलो. पुढे जोरानेही भागेना, तेव्हा जुन्या चिठ्ठीतले टिंब उचलून नव्या चिठ्ठीत चिकटवण्याची युक्ती शोधली. कापूस आणि स्पिरिट घेऊन बटणांच्या फटी पुसून पाहिल्या. चार दिवस बरे वाटले. पुण्यातला मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, आता नवीन घ्या." मी म्हणालो, "एका बटणासाठी अख्खा लॅपटॉप बदलायचा? बघू पाऊस संपल्यावर."

साडेबारा आणि सव्वाशे

श्रावणातल्या एका सोमवारी जवळच्याच वाडीतल्या एक आजी सुनेबरोबर आल्या. वय अठ्ठ्याहत्तर. काही वर्षांपूर्वी हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला. अलीकडे थकवा, बद्धकोष्ठता आणि थंडी सहन न होणे, अशा तक्रारी होत्या. रक्ताच्या तपासणीत थायरॉइड ग्रंथी मंद झाल्याचे स्पष्ट दिसत होते. यावर लिव्होथायरॉक्सिन हे औषध देतात. तरुण माणसाला ते पुरेशा मात्रेत लगेच सुरू करता येते. हृदयविकार असलेल्या वृद्ध व्यक्तीला मात्र अगदी अल्प मात्रेपासून, म्हणजे 12.5 किंवा 25 मायक्रोग्रॅमपासून सुरुवात करून, काही आठवड्यांच्या अंतराने हळूहळू वाढवावे लागते. एकदम मोठी मात्रा दिली तर हृदयाचे काम अचानक वाढते; धडधड, छातीत दुखणे, ठोक्यांची लय बिघडणे असे धोके संभवतात.

हे सारे मी आजींना समजावून सांगितले. "आजी, अगदी हलकी गोळी देतोय, साडेबाराची. सकाळी उठल्यावर उपाशीपोटी, चहाच्या आधी अर्धा-पाऊण तास." आजींनी मान हलवली. मी चिठ्ठी टाइप केली, छापली, सही केली आणि दिली.

बुधवारी रात्री नऊच्या सुमारास फोन आला. आजींच्या सूनबाई बोलत होत्या. "डॉक्टर, एवढ्या उशिरा त्रास देतेय, माफ करा. यांचा मुंबईहून फोन आलेला. आईंची नवी गोळी किती पॉवरची, असं त्यांनी विचारलं, तर मी बाटलीवर बघून सव्वाशे म्हणून सांगितलं. आई खाटेवरून म्हणतायत, नाय गो, डॉक्टर साडेबारा बोलले, मी ऐकलंय. तुम्ही दिलेल्या कागदावर पण सव्वाशेच आहे. नक्की काय ते?"

मला क्षणभर काही सुचेना. मग विचारले, "किती दिवस दिलीत?"

"काल आणि आज सकाळी."

"उद्या देऊ नका. मी येतो आत्ता."

पावसात गाडी काढली. वाटेत हिशेब आपोआप होत होता. दोन दिवसांत 250 मायक्रोग्रॅम; म्हणजे मी ठरवलेल्या मात्रेने वीस दिवसांचे औषध. घरी पोहोचलो तर आजी जाग्या होत्या. "मगासपासून थोडं धडधडतंय," म्हणाल्या, "पण तुम्ही कशाला आलात पावसाचे?" नाडी मिनिटाला शहाण्णव, पण नियमित. रक्तदाब नेहमीपेक्षा किंचित जास्त. छातीत दुखत नव्हते, धाप नव्हती. मग मी तो कागद हातात घेतला. माझ्याच सहीच्या वर, माझ्याच स्वच्छ छापील अक्षरात 125 लिहिलेले होते. टिंब उमटलेच नव्हते.

औषधवाल्याला दोष देता येत नव्हता. या औषधाची 12.5 ची गोळी मिळते तशी 125 चीही मिळते, आणि अनेक रुग्ण ती रोज घेतात. त्याने चिठ्ठीत लिहिले होते तेच दिले.

मी सूनबाईंना आणि आजींना सरळ सांगितले, "चूक माझी आहे. मशीनचं बटण खराब आहे हे मला ठाऊक होतं, आणि छापलेला कागद मी नीट वाचला नाही." सूनबाई गप्प राहिल्या. त्यांच्या चेहऱ्यावर राग होता आणि तो रास्त होता. आजी म्हणाल्या, "तुम्ही बोललात ते बरोबरच बोललात. कागदाचं काय ते आम्हाला कुठं कळतंय!"

लिव्होथायरॉक्सिन शरीरात सावकाश पसरते आणि सावकाशच ओसरते. त्यातले निम्मे औषध निघून जायला साधारण सात दिवस लागतात. त्यामुळे गोळी थांबवली की धोका लगेच संपतो, असे नाही. त्याच रात्री मी रत्नागिरीतल्या एका फिजिशियन स्नेह्यांशी बोललो. दुसऱ्या दिवशी सकाळी आजींना तेथे नेऊन ईसीजी काढला; त्यात नवा दोष आढळला नाही. दहा दिवस औषध बंद ठेवून मग साडेबारा मायक्रोग्रॅमने सुरुवात करावी, असे ठरले. तोपर्यंत मी रोज सकाळ-संध्याकाळ जाऊन नाडी पाहत होतो. छातीत दुखले, धाप लागली, चक्कर आली किंवा ठोके चुकल्यासारखे वाटले, तर माझी वाट न पाहता 108 ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा, असे घरच्यांना लिहून दिले होते. हाताने, मोठ्या अक्षरात.

आजी सुखरूप आहेत. त्या सुखरूप राहिल्या, म्हणूनच हे लिहिण्याचे बळ मला आहे.

आधीच्या खुणा

त्या रात्री घरी परतल्यावर झोप येणे शक्य नव्हते. लॅपटॉप उघडून मागच्या तीन महिन्यांच्या साऱ्या चिठ्ठ्या एकेक करून पाहिल्या. आणखी दोन ठिकाणी टिंब गळालेले सापडले. एका आजोबांच्या रक्तदाबाच्या गोळीपुढे 2.5 ऐवजी 25 छापले गेले होते. ती चिठ्ठी पाहताच मला आठवले: औषधवाल्याने तेव्हा फोन केला होता. "डॉक्टर, अडीचच ना?" मी हसून म्हणालो होतो, "हो हो, अडीचच." फोन ठेवला आणि पुढचा रुग्ण तपासायला घेतला. ॲम्लोडिपिनची पंचवीसची गोळी बाजारात नसते म्हणून ती चूक तेथेच अडली. दुसरी चिठ्ठी झोपेच्या गोळीची होती. 0.25 चे 025 झाले होते. मागे शून्य असल्याने औषधवाल्याने अर्थ ओळखला होता. दोन्ही घरांत दुसऱ्या दिवशी जाऊन बाटल्या आणि पट्ट्या स्वतः पाहून आलो. औषधे योग्य होती.

म्हणजे मला इशारा मिळाला होता. एकदा नव्हे, दोनदा. आणि मी तो चूक म्हणून न पाहता गंमत म्हणून पाहिला होता.

ब्रिटिश मानसशास्त्रज्ञ जेम्स रीझन यांनी मानवी चुकांचा अभ्यास करताना भोके असलेल्या चीजच्या चकत्यांची उपमा दिली आहे. प्रत्येक चकती म्हणजे सुरक्षेचा एक पडदा, आणि प्रत्येक पडद्यात कुठे ना कुठे भोक असतेच. एरवी एका पडद्यातून निसटलेली चूक पुढच्या पडद्यावर अडते. सगळी भोके एका रेषेत आली की अपघात होतो. आजींच्या बाबतीत पहिले भोक बिघडलेले बटण. दुसरे, छापलेला कागद न वाचण्याची माझी सवय. तिसरे, 125 ची गोळी प्रत्यक्षात मिळते हा योगायोग. शेवटचा पडदा मात्र अखंड होता. तो होता आजींचा कान आणि त्यांच्या सुनेची विचारण्याची हिंमत.

जागतिक आरोग्य संघटनेने 2017 साली औषधोपचारातील टाळता येण्याजोगी हानी कमी करण्यासाठी जगभर मोहीम सुरू केली. तिच्याविषयी मी वाचले होते. ती मोठ्या रुग्णालयांसाठी असावी, आपल्या दोन खोल्यांच्या दवाखान्यासाठी नव्हे, असा माझा समज होता.

दुरुस्तीच्या टेबलावर

शनिवारी दुपारी दवाखाना बंद ठेवून रत्नागिरी गाठली. एका लहानशा दुकानात पंचविशीचा एक मुलगा लॅपटॉप दुरुस्त करतो, असे कळले होते. त्याने आधी लॅपटॉप उघडलाच नाही, प्रश्न विचारले. कधीपासून होते? एकच बटण की शेजारची पण? हळूहळू वाढले की एकदम? काही सांडले होते का? वापरताना गरम होतो का? मी दर रुग्णाला विचारतो त्याच धाटणीचे प्रश्न होते. मग त्याने बाहेरचा एक साधा कीबोर्ड वायरने जोडला आणि टिंबाचे बटण दाबले. पडद्यावर टिंबे उमटली. "म्हणजे मशीनचा मेंदू ठीक आहे, सर. दुखणं कीबोर्डमध्येच आहे," तो म्हणाला.

मग त्याने लॅपटॉप बंद करून उलटा केला, स्क्रू काढून एका डबीत ओळीने ठेवले आणि मागचे झाकण उघडले. उघडताच तो थांबला. हात ठेवण्याच्या जागेखाली असलेली बॅटरी फुगून उशीसारखी झाली होती आणि तिने कीबोर्डची खालची कड वर ढकलली होती. "सर, ही फुगलेली बॅटरी घेऊन तुम्ही रोज बसताय? आधीच आणायचा होतात ना!"

हे वाक्य मी आजवर किती रुग्णांना ऐकवले असेल, याची मोजदाद नाही. ते ऐकताना कसे वाटते, हे प्रथमच समजले.

कीबोर्ड काढल्यावर त्याने मला त्याची रचना दाखवली. प्रत्येक बटणाखाली कात्रीसारखी प्लॅस्टिकची बारीक पट्टी असते, तिच्या मध्ये रबराची इवलीशी वाटी. तिच्याखाली प्लॅस्टिकचे पातळ पापुद्रे असतात आणि त्यांवर विजेच्या रेषा छापलेल्या असतात. बटण दाबले की वाटी दबते, वरच्या पापुद्र्यावरची रेषा खालच्या रेषेला टेकते आणि अक्षर उमटते. आमच्या खाऱ्या, दमट हवेने त्या रेषा कडेने काळवंडल्या होत्या. बॅटरीच्या फुगवट्याने पापुद्रे वाकले होते. तेव्हा वरून स्पिरिटने पुसण्याचा काहीच उपयोग नव्हता. दुखणे आत होते आणि मी कातडीला मलम लावत होतो.

नव्या लॅपटॉपचा विषय निघाला तेव्हा त्याने बाकीची तपासणी करून सांगितले, "बाकी सगळं चांगलं आहे. कीबोर्ड आणि बॅटरी बदलली की अजून दोन-तीन वर्षं जाईल." कीबोर्डला चौदाशे रुपये आणि बॅटरीला सत्तावीसशे. लॅपटॉपच्या पाठीवरचा मॉडेल क्रमांक आणि काढलेल्या कीबोर्डमागचा क्रमांक, दोन्ही त्याने लिहून घेतले. दिसायला सारखा असलेला कीबोर्डही वायरच्या पट्टीची रुंदी जुळली नाही तर बसत नाही, म्हणाला. माल यायला आठ दिवस लागणार होते. "तोपर्यंत तुमच्या नोंदींची दुसरी प्रत आहे ना कुठं?" त्याने विचारले. नव्हती. बारा-तेराशे कुटुंबांच्या नोंदी एका फुगलेल्या बॅटरीच्या भरवशावर होत्या. त्याने त्या तेथेच एका बाहेरच्या डिस्कवर उतरवून दिल्या.

फुगलेली बॅटरी त्याने वेगळी ठेवली. लिथियमची बॅटरी फुगली असेल तर ती चार्ज करू नये, दाबू नये, टोचू नये आणि घरच्या कचऱ्यात तर मुळीच टाकू नये. ती पेट घेऊ शकते. ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडेच ती द्यावी. लॅपटॉप टेबलावर सपाट बसत नाही, झाकण पूर्ण मिटत नाही, बटणे किंवा माऊसची पाटी वर उचलल्यासारखी दिसते, यांपैकी काहीही आढळले तर तो बंद करून दाखवून आणावा. ज्यांच्या घरी आजी-आजोबा नातवंडांशी बोलण्यासाठी जुना लॅपटॉप किंवा टॅबलेट वापरतात, त्यांनी हे आज पाहून घ्यावे.

तडजोडी आणि दुखणी

ते आठ दिवस मी चिठ्ठ्या हाताने लिहिल्या. लिहिताना लक्षात आले की मी कागद दूर धरतो आहे, दिव्याखाली सरकवतो आहे. शेवटी डोळे तपासून घेतले. जवळचा नंबर बराच वाढला होता. चार वर्षे मी चष्मा बदलला नव्हता. सोमवारी आजींच्या चिठ्ठीवर टिंब नसल्याचे मला दिसले नाही, यामागे घाई होती तसे हेही होते. छप्पन्नाव्या वर्षी आपले डोळे पूर्वीसारखे राहत नाहीत हे मी रुग्णांना सांगतो. स्वतःला सांगायचे राहून गेले होते.

मराठीत बटणाला कळ म्हणतात आणि दुखण्याच्या झटक्यालाही कळच म्हणतात. त्या आठवड्यात दोन्ही अर्थ मला एकच वाटू लागले. कळ येते तेव्हा ती काहीतरी सांगत असते. आपण तिच्याशी तडजोड करतो आणि तडजोड जितकी कुशल, तितके दुखणे अधिक काळ लपून राहते. मी टिंब चिकटवण्याची युक्ती शोधली नसती, तर बटण जूनमध्येच दुरुस्त झाले असते.

घरातली वृद्ध माणसे अशा तडजोडींत फार निष्णात असतात. मुलांना त्रास नको, खर्च नको, आपल्यामुळे कोणाचे अडायला नको, हा त्यामागचा भाव. रोजच्या सहवासामुळे घरच्यांच्याही नजरेला त्या तडजोडी सवयीच्या होतात. माझ्या पाहण्यातली काही उदाहरणे देतो.

एक निवृत्त गुरुजी वर्तमानपत्र वाचेनासे झाले. "हल्ली बातम्यांत काही राम उरला नाही," असे म्हणत. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. एक आजोबा बैठकीत सगळ्यांबरोबर हसत, पण प्रश्न विचारला की उत्तर देत नसत. त्यांना ऐकू येत नव्हते. एक मावशी लग्नकार्याला जाणे टाळत, कारण लघवी थांबवता येत नव्हती आणि ते सुनेला सांगायची लाज वाटे. एक आजी संध्याकाळनंतर पाणीच पीत नसत, रात्री उठायला नको म्हणून. उन्हाळ्यात चक्कर येऊन पडल्या तेव्हा उलगडा झाला. कोणी खुर्चीच्या दांड्यांवर भार दिल्याशिवाय उठत नाही, कोणी भिंतीला हात लावल्याशिवाय न्हाणीघरात जात नाही, कोणी भाकरी सोडून भात खाऊ लागतो कारण दातांची कवळी बोचते. यांतल्या प्रत्येक गोष्टीला घरात एकच स्पष्टीकरण असते: "वय झालं."

वय झाले हे खरेच. माझ्या लॅपटॉपचेही झाले होते. तरी बिघाड वयाचा नव्हता, एका सुट्या भागाचा होता आणि तो बदलता येत होता. मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, कानाचे यंत्र, नीट बसणारी कवळी, न्हाणीघरात दांडा, लघवीच्या तक्रारीवर औषध किंवा व्यायाम, हे सारे उपाय उपलब्ध आहेत. सगळेच दुरुस्त होते असे नाही. पण 'वय झालं' हे वाक्य तपासणीच्या शेवटी म्हणायचे असते, आरंभी नव्हे.

म्हणून काळजी घेणाऱ्यांना एक सुचवतो. महिन्यातून एकदा, शांतपणे, स्वतःला विचारा: आपल्या घरातल्या वृद्ध व्यक्तीने गेल्या वर्षभरात कोणती गोष्ट करणे सोडले? कोणती गोष्ट ती वेगळ्या रीतीने करू लागली आहे? उत्तरे एका वहीत लिहा आणि पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना ती वही न्या. दहा मिनिटांच्या तपासणीत जे आम्हाला दिसत नाही, ते त्या वहीत असते.

चिठ्ठी हातात आल्यावर

औषधांबाबतही काही सवयी जडवून घ्याव्यात. दवाखान्यातून उठण्यापूर्वी औषधाचे नाव आणि मात्रा डॉक्टरांकडून तोंडी वदवून घ्या आणि कागदावर तेच आहे ना, हे त्यांच्यासमोर वाचून दाखवा. चांगल्या डॉक्टरला त्याचा राग येत नाही. आला तर येऊ द्या. औषधवाल्याकडे बाटली किंवा पट्टी घेताना तिच्यावरचा आकडा चिठ्ठीशी ताडून पाहा. जुने औषध संपून नवे आले की दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवा. आकडा बदलला असेल तर गोळी देण्याआधी विचारा. दशांशचिन्हाआधी शून्य असावे, म्हणजे 0.5 असे लिहावे, नुसते.5 लिहिले आणि टिंब पुसट झाले तर 5 वाचले जाते. उलट, पूर्ण आकड्यापुढे टिंब आणि शून्य नसावे, 5.0 चे 50 व्हायला वेळ लागत नाही. सर्व औषधांची एक यादी, मात्रेसह, घरात एका ठरलेल्या जागी असावी आणि तिची प्रत परगावी राहणाऱ्या मुलांकडेही असावी. मुंबईतल्या मुलाने त्या रात्री सहज विचारलेला प्रश्न आठवा.

संगणक वापरणाऱ्या ज्येष्ठांसाठीही दोन शब्द. लॅपटॉपची बटणे बारीक वाटत असतील, हात कापत असेल किंवा एखादे बटण बिघडले असेल, तर बाहेरून जोडायचा मोठ्या अक्षरांचा कीबोर्ड थोडक्या पैशांत मिळतो. कंप असलेल्या हाताने एक अक्षर दोनदा-तीनदा उमटत असेल, तर विंडोजमध्ये 'फिल्टर कीज' नावाची सोय आहे. ती चालू केली की चुकून पडलेले पुनःपुन्हाचे दाब यंत्र दुर्लक्षित करते. मात्र उजवे शिफ्ट बटण आठ सेकंद दाबून राहिले तर हीच सोय नकळत चालू होऊ शकते आणि "कीबोर्ड बंद पडला" असे वाटते. चहा सांडला तर लॅपटॉप लगेच बंद करून चार्जर काढावा, उपडा ठेवावा आणि चालू करून पाहण्याचा मोह टाळावा.

नवा कीबोर्ड बसून लॅपटॉप परत आला आहे. टिंबाचे बटण आता हलक्या स्पर्शानेही उमटते. तरी मी छापलेली प्रत्येक चिठ्ठी नव्या चष्म्यातून मोठ्याने वाचतो आणि मगच सही करतो. आणखी एक बदल केला आहे. तो मला आजींनी शिकवला. मात्रेच्या आकड्यापुढे मी ती मराठी शब्दांतही लिहितो. आपल्या भाषेत पाव, पाऊण, सव्वा, दीड, अडीच, साडे असे शब्द आहेत, ही केवढी सोय! कागदावर 12.5 आणि 125 यांत एका टिंबाचे अंतर आहे. जिभेवर साडेबारा आणि सव्वाशे यांची गल्लत होऊच शकत नाही. आजींना वाचता येत नाही. त्यांनी ऐकलेला शब्द सांभाळून ठेवला आणि माझा छापील कागद खोटा ठरवला.

पुन्हा गोळी सुरू केल्यानंतर दोन महिन्यांनी आजी रक्ताचा अहवाल घेऊन आल्या. थकवा थोडा कमी होता. थायरॉइडचा आकडा अजून उतरायचा होता, म्हणून मात्रा वाढवून पंचवीस केली. चिठ्ठी छापली, मोठ्याने वाचली, सही केली. सूनबाईंनी ती घेतली, स्वतः वाचली, मग सासूबाईंकडे पाहिले. "पंचवीस ना?" आजींनी मला विचारले. मी म्हणालो, "पंचवीस." सूनबाईंनी कागदाची घडी घातली आणि दोघी उठल्या.